रानांत न्यावयाचें गाणें

देऊळघाटहून एका भगिनींचें पत्र आलें आहे. पत्र चार पानांचें असून त्यांतील साडेतीन पानें चिरंजीवांविषयींच्या काळजीचीं आहेत. प्रश्न काय तो शेवटच्या अर्ध्या पानांत. चिरंजीव वन्यप्राण्यांचा अभ्यास करितात, आणि या हिंवाळ्यापासून त्यांस मेळघाटांत एकेका खेपेस तीन तीन आठवडे राहावें लागणार आहे. मुक्कामाच्या ठिकाणीं वीज कधीं आहे, कधीं नाहीं. मोबाईल लागला तर टेकडीवर चढून. अशा ठिकाणीं रात्रीं मुलास सोबत म्हणून गाणें ऐकण्याचें एखादें लहानसें यंत्र घेऊन द्यावें, असें मातोश्रींच्या मनांत आहे. दुकानदार एक सांगतो, मुलाचे मित्र दुसरें सांगतात, आणि यजमान म्हणतात कीं मोबाईल असतांना हा खर्च हवाच कशाला. घरांत सासूबाईंच्या आवाजांतील भूपाळ्यांच्या आणि जात्यावरच्या ओव्यांच्या चार कॅसेटी आहेत. त्याही त्या यंत्रांत घालतां येतील काय, असें जातां जातां विचारलें आहे.

आमचें मत विचाराल तर पत्रांतील खरा प्रश्न हा जातां जातां विचारलेलाच होय. परंतु यंत्र कोणतें हें ठरल्यावांचून त्याचें उत्तर देतां येत नाहीं. शिवाय हिमालयांतील पायीं प्रवास, नर्मदेची परिक्रमा, सह्याद्रीची चढउतर यांकरितां आठवडेच्या आठवडे घराबाहेर राहणारीं मुलेंमुली आणि सेवानिवृत्त मंडळी आतां बहुतेक घरांत आहेत. त्यांच्याही उपयोगाचा विषय म्हणून थोडें विस्तारानें लिहितों.

रानावनांत गाणें नेण्याची हौस आजची नव्हे. कॅप्टन स्कॉट १९१० सालीं दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर निघाला तेव्हां ग्रामोफोन कंपनीनें दिलेले फोनो त्याच्या सामानांत होते. कर्ण्यापुढें बसलेल्या कुत्र्याचें हर्बर्ट पाँटिंग यानें त्या बर्फांत घेतलेलें छायाचित्र पुष्कळांच्या पाहण्यांत असेल. पुढें १९१५ सालीं शॅकल्टनचें 'एन्ड्युरन्स' जहाज बर्फांत चिरडलें गेलें. प्रत्येकानें खासगी सामान म्हणून दोन पौंडांहून अधिक वजन ठेवूं नये असा हुकूम झाला, आणि तो पाळून दाखविण्याकरितां शॅकल्टननें स्वतःजवळचीं सोन्याचीं नाणीं बर्फावर टाकून दिलीं. त्याच माणसानें हसी नांवाच्या सोबत्याचा बारा पौंडांचा बँजो मात्र आग्रहानें बरोबर घेवविला. माणसाचें मन शाबूत राहण्यास वाद्याचा उपयोग औषधासारखा होतो, हें त्यानें ओळखलें होतें. तेव्हां मुलास रात्रीं गाणें असावें असें वाटणाऱ्या मातेस कोणी हळवी म्हणेल तर आम्ही तें मानणार नाहीं.

आमच्या आजोबांच्या पिढीस या कामीं एच्. एम्. व्ही. चा पेटीचा फोनो ठाऊक होता. १९३१ सालीं निघालेली त्याची '१०२' या क्रमांकाची जात फार नांवाजली गेली. त्याला वीज नको. किल्ली फिरविली कीं झालें. पण दहा इंची तबकडी एका बाजूस अवघीं तीन मिनिटें गाते आणि तिचें वजन दोनशें ग्रॅमांच्या आसपास भरतें. बारा तबकड्या नेल्या तर अडीच किलोंचें ओझें आणि बहात्तर मिनिटांचें गाणें. पेटी आणि सुयांची डबी वेगळीच. नंतर १९५४ सालीं खिशांतला ट्रान्झिस्टर आला, १९६३ सालीं फिलिप्सची कॅसेट, १९७९ सालीं सोनीचा वॉकमन, २००१ सालीं आयपॉड. प्रत्येकानें ओझें कमी केलें आणि गाणें वाढविलें. आणि मग मोबाईलनें हे सारेच गिळून टाकले. साडेबारा ग्रॅम वजनाचा, पडदाच नसलेला चिमुकला आयपॉड शफल २०१७ सालीं बंद झाला, आणि २०२२ च्या मे महिन्यांत आयपॉडची शेवटची जातही बंद झाली. रानास सर्वांत सोयीचीं यंत्रें नेमकीं बाजारानें सोडून दिलेलीं आहेत. निवड कठीण झाली आहे ती त्यामुळें.

परंतु यंत्राच्या आधीं वेळेचा विचार करावा लागतो. गाणें ऐकावयाचें तें केव्हां? ध्रुवाजवळच्या बर्फांत माणसानें कान झांकले तरी फारसें बिघडत नाहीं. आमच्या वऱ्हाडच्या रानांत मात्र कानावर पडणारी प्रत्येक गोष्ट कामाची असते. देऊळघाटच्या माणसांस हें आम्हीं सांगावयास नको. पैनगंगा ज्या डोंगरांतून निघते त्यांच्या जवळच त्यांचें गांव. आणि बुलढाण्यापलीकडे, खामगांवच्या बाजूस, बोथ्याचें रान आणि १९९७ सालीं जाहीर झालेलें सुमारें २०५ चौरस किलोमीटरांचें ज्ञानगंगा अभयारण्य. टिपेश्वरच्या जंगलांतून निघालेला 'टी-१ सी-१' हा वाघ सुमारें तेराशें किलोमीटर चालून २०१९ च्या अखेरीस जेथें येऊन राहिला, तें हेंच अभयारण्य. वाघाची बातमी वर्तमानपत्रांत झळकली. पण या रानांत पायीं फिरणाऱ्यानें भ्यावें तें वाघाला नव्हे, अस्वलाला.

अस्वलाची दृष्टि मंद असते. वारुळ उकरून वाळवी ओढण्यांत, किंवा उन्हाळ्याच्या तोंडीं मोहाचीं फुलें वेंचण्यांत तें गुंतलें असलें, म्हणजे माणूस अगदीं जवळ येईपर्यंत त्यास पत्ता लागत नाहीं; आणि लागला कीं दचकून तें सरळ अंगावर येतें. अस्वलाच्या तडाख्यांत माणसें सांपडतात तीं बहुधा याच रीतीनें. देवानें म्हणा, निसर्गानें म्हणा, एक सोय मात्र करून ठेविली आहे. वाळवी ओढतांना अस्वल मोठा सूं-सूं आवाज करितें, आणि शांत रानांत तो शंभर पावलांवरूनही ऐकूं येतो. डोळ्यांस दिसण्यापूर्वीं अस्वल कानांस कळतें. बिबट्याचेंही तसेंच. वानराचा खाकरा, चितळाची हांक, सांबराचा ढोंक ऐकून जाणता वनरक्षक जागच्या जागीं थांबतो. ज्यानें कानांत बोंडें घातलीं आहेत त्यास यांतील एकही सूचना पोंचत नाहीं.

म्हणून आमचा पहिला नियम हा कीं, रानांत चालतांना कानांत कांहीं असूं नये. एका कानांतही नको. हल्लीं गालाच्या हाडावर बसणारे आणि कानाचें भोंक मोकळें ठेवणारे इअरफोन निघाले आहेत. गांवांतल्या प्रभातफेरीस ते ठीक आहेत. पण कान मोकळा राहिला तरी लक्ष मोकळें राहत नाहीं, आणि अस्वल ओळखावयास लागतें तें लक्ष. मचाणावरही तोच नियम. वैशाखी पौर्णिमेच्या रात्रीं वनखातें पाणवठ्यांवरील मचाणांवर हौशी लोकांस बसूं देतें. त्या रात्रीं पानाचा आवाजसुद्धां ऐकावयाचा असतो, तेथें गाण्याचें काय काम?

राहिला तो वेळ म्हणजे मुक्कामावर परतल्यानंतरचा. जेवण झालेलें, दार लावलेलें, टिपणें लिहून झालेलीं. रोजचा एक तास फार झाला. तीन आठवड्यांचे एकवीस तास. हा हिशेब एकदां मांडला म्हणजे दुकानदाराच्या अर्ध्या बोलण्यास उत्तर देण्याचेंही कारण उरत नाहीं. दिवसभर वाजणारें यंत्र नको, धांवतांना न हलणारें नको, पाण्यांत पोहतांना वाजणारें तर नकोच नको.

आतां यजमानांचा आक्षेप. तो अगदींच टाकाऊ नाहीं. तीन-चार दिवसांची सहल असेल तर वेगळें यंत्र घेऊं नये, मोबाईल पुरे. तो फ्लाइट मोडवर ठेवावा, कारण जेथें मनोरा सांपडत नाहीं तेथें मोबाईल त्याच्या शोधांत सारखा धडपडतो आणि दुपारपर्यंत बॅटरी उतरते. या अवस्थेंत गाणें वाजतें, आणि बहुतेक मोबाईलांत उपग्रहांवरून जागा दाखविणारी सोयही चालू राहते. परंतु मुक्काम आठवड्याच्या पुढें गेला कीं गोष्ट बदलते. रानांत मोबाईल हा गाण्याचा डबा नव्हे. नकाशा त्यांत, छायाचित्रें त्यांत, रात्रींची बत्ती तीच, आणि साप चावला, पाय मोडला, तर टेकडीवर चढून ११२ फिरवावयाचा तोही त्यावरूनच. ज्या बॅटरीवर जीव अवलंबून आहे तिच्यांतून रोज गाण्याकरितां कांहीं काढीत जाणें, म्हणजे अडीअडचणीसाठीं ठेवलेल्या पैशांतून नाटकाचीं तिकिटें काढण्यासारखें आहे. गाण्याला त्याची स्वतःची बॅटरी असावी. वेगळ्या यंत्राचें सर्वांत मोठें कारण हेंच. आवाजाची गोडी वगैरे गोष्टी मागाहून.

मोबाईलवरील गाणें बहुधा भाड्याचें असतें, हेंही ध्यानांत ठेवावें. ॲपवर 'उतरवून घेतलेलीं' गाणीं आपलीं झालीं असें मुलें समजतात. उदाहरणार्थ स्पॉटिफायची अट अशी आहे कीं निदान तीस दिवसांतून एकदां इंटरनेटशीं गांठ पडलीच पाहिजे. न पडली तर उतरविलेलीं गाणीं वाजत नाहींत. शहरांत ही अट कोणाच्या लक्षांतही येत नाहीं. मुक्काम लांबला, मार्गांत पूर आला, कीं ती एकदम लक्षांत येते. रानांत न्यावयाचें गाणें स्वतःच्या मालकीच्या फायलींत असावें, आणि त्या फायली बोटाच्या नखाएवढ्या मेमरी कार्डावर असाव्या.

जागेची चिंता नको. एम्. पी. थ्री च्या उत्तम प्रतीच्या फायलीस, म्हणजे ३२० किलोबिटांच्या, तासाला १४४ मेगाबाईट लागतात. ३२ गिगाबाईटांच्या कार्डांत असें दोनशें तासांहून अधिक गाणें मावतें. एकवीस तासांसाठीं हा म्हणजे अन्नकोट झाला. जुन्या घाटणीचीं पुष्कळ यंत्रें ३२ गिगाबाईटांपुढचें कार्ड ओळखीतच नाहींत, म्हणून मोठें कार्ड घेण्यापूर्वीं यंत्राच्या खोक्यावर काय लिहिलें आहे तें वाचावें.

तर यंत्र कसें असावें? बटणांचें असावें. अंधारांत, पांघरुणांतून, बत्ती न लावतां, केवळ अंगठ्यानें चालवितां आलें पाहिजे. स्पर्शानें चालणारा पडदा ओल्या बोटांस दाद देत नाहीं, आणि त्याचा उजेड डोळ्यांची अंधाराची संवय घालवितो ती परत येण्यास बराच वेळ लागतो. बटणें अडकवून ठेवण्याची कळ हवी, नाहींतर सॅकमध्यें दाबलें जाऊन यंत्र दिवसभर आपल्याशींच गात राहतें. कार्डाची खांच हवी. तार लावण्याचें साडेतीन मिलिमीटरांचें भोंक हवें. चार्जरचें तोंड मोबाईलचेंच असावें, म्हणजे दोन तारा न्यावयास नकोत. लांब ध्वनिमुद्रण अर्ध्यावर बंद केलें तर दुसऱ्या रात्रीं तेथूनच पुढें सुरू व्हावें. ही सोय सर्वांत असते असें नाहीं, दुकानांतच पाहून घ्यावी. कंपनी निदान वीस तास वाजेल असें म्हणत असावी. असे आंकडे पडदा बंद, आवाज बेताचा आणि तारेचा इअरफोन असें धरून काढलेले असतात. आम्ही त्यांतील दोन-तृतीयांश खरे मानतों.

अशीं साधीं यंत्रें दोन-चार हजार रुपयांत मिळतात. सॅनडिस्कच्या 'क्लिप' जातीचीं जुनीं चिमुकलीं यंत्रें आजही शोधशोधून घेणारे लोक आहेत, तें कांहीं उगीच नव्हे. दुसऱ्या टोंकास सोनीचा 'एन्. डब्ल्यू.-ए ३०६' आहे. तो २०२३ सालीं भारतांत विक्रीस आला तेव्हां त्याची किंमत पंचवीस हजारांच्या वर होती. वजन ११३ ग्रॅम, कडेला खरीं बटणें, आणि कंपनीच्या म्हणण्याप्रमाणें ३६ तास. यंत्र सुरेख आहे. पण त्याच्या पोटांत अँड्रॉइडच आहे, आणि रानांत हरवलें तर मुलगा महिनाभर घरीं तोंड दाखविणार नाहीं. गाण्यांत ज्यास बारीक भेद कळतात त्यानें तें अवश्य घ्यावें. पहिल्या खेपेच्या मुलास आम्ही देणार नाहीं.

'कारवां' नांवाचा सारेगामा कंपनीचा पेटीवजा संच पुष्कळ घरांत आतां आहे. २०१७ सालीं तो निघाला आणि जुन्या ट्रान्झिस्टरचा चेहरा पाहून आजोबा-आजींनीं त्यास घरांत घेतलें. मराठी गाण्यांचाही निघाला. सारेगामा म्हणजे ज्या कंपनीनें एच्. एम्. व्ही. च्या तबकड्या आपल्या घरोघर पोंचविल्या तीच, हें पाहतां त्यांतील गाण्यांस नांवें ठेवण्याची आमची छाती नाहीं. पण ओसरीवर ठेवण्याची वस्तु ती ओसरीवरच शोभते. रानांत कर्णा नको, मग तो केवढाही लहान असो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें अभयारण्यांत प्राण्यांस छेडणें मना केलेलें आहेच. पण कायदा नसता तरी सभ्यपणा आहे. गडांवर ब्लूटूथचे डबे वाजवीत चढणारे तरुण आणि मागून कपाळास आंठ्या घालून येणारी मंडळी हा देखावा सह्याद्रींत रोजचा झाला आहे.

कांहीं हौशी लोक पक्ष्यांचे आवाज यंत्रांत भरून नेतात आणि ते वाजवून पक्षी जवळ बोलावितात. हेंही करूं नये. आपल्या हद्दींत परका शिरला असें समजून पक्षी घरटें सोडून धांवतो. मेळघाटांत रानपिंगळा आहे. १८८४ नंतर त्याची खरी नोंदच नव्हती, आणि नाहींसाच झाला असें मानीत असतां १९९७ सालीं पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांस तो शहाद्याजवळ सांपडला. अशा पक्ष्याची फसवणूक करून छायाचित्र काढण्यांत कसला पुरुषार्थ!

इअरफोन तारेचाच घ्यावा. बिनतारी बोंडें पांच-सहा तासांत उतरतात, डबी पुन्हां भरावी लागते, आणि एक बोंड सागाच्या वाळल्या पानांत पडलें तर मिळणें नाहीं. तारेचे दोन न्यावे. ते स्वस्त असतात आणि तार तुटते ती नेमकी पहिल्या आठवड्यांत. यंत्रांत एफ्. एम्. रेडिओ असेल तर त्याची एरिअल म्हणजे हीच तार. मात्र दोन डोंगरांच्या मधल्या खोऱ्यांत एफ्. एम्. पोंचेल या भरंवशावर राहूं नये. रानाची रात्र शांत असल्यानें आवाज गांवापेक्षां पुष्कळ कमी लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास चाळीस तास सोसतो, ९० चा मात्र चारच तास. तेव्हां हा लाभ थोडका नव्हे, आणि बॅटरीही वांचते.

विजेविषयीं थोडें. दहा हजार मिलिअँपिअर-तासांच्या पॉवर बँकेंतून प्रत्यक्षांत सहा-साडेसहा हजारच पदरांत पडतात. त्यांत मोबाईल एकदां भरतो आणि गाण्याचें लहान यंत्र दोन-तीनदां. वीज अधूनमधून असेल तर एवढें पुष्कळ. सूर्यावर चालणारीं घडीचीं पत्रें पाठीवर बांधून हिंडणारे लोक दिसतात. दाट पानोळ्याखालीं त्यांचा उपयोग नाहीं. साग उन्हाळ्यांत उघडा पडतो तेव्हां ऊन भरपूर, पण तेव्हां वऱ्हाडांत पारा ४५ अंशांस टेंकतो आणि तेवढ्या उष्णतेंत लिथियमची बॅटरी भरणें तिच्या प्रकृतीस बरें नव्हे. हिमालयांत जाणाऱ्यांची अडचण उलटी. गोठणबिंदूखालीं हीच बॅटरी मलूल होते, म्हणून ती रात्रीं निजण्याच्या पिशवींत आपल्याजवळ घ्यावी. विमानानें जातांना पॉवर बँक हातांतल्या सामानांतच ठेवावी लागते. वीस हजारांची बँक ७४ वॅट-तासांची होते, म्हणजे शंभराच्या मर्यादेंत बसते.

आतां कॅसेटी. देऊळघाटच्या भगिनींस आमची विनंती अशी कीं, यंत्र पुढल्या महिन्यांत घेतलें तरी चालेल, पण हें काम या आठवड्यांत सुरू करावें. कॅसेटींतील फितीवरचा चुंबकीय लेप पातळ असतो, आणि साठ मिनिटांच्या कॅसेटीपेक्षां नव्वद मिनिटांच्या कॅसेटीची फीतही पातळ असते. तीस-पस्तीस पावसाळे पाहिलेली फीत आणखी किती पाहील याचा भरंवसा नाहीं. यंत्र बाजारांत उद्यांही मिळेल; सासूबाईंचा आवाज या चार डब्यांवांचून जगांत दुसरीकडे कोठेंही नाहीं.

प्रथम प्रत्येक कॅसेटीच्या मागच्या कडेस असलेल्या दोन चिमुकल्या पट्ट्या मोडून टाकाव्या, म्हणजे भलतें बटण दाबलें तरी पुसलें जाणार नाहीं. मग फीत डोळ्यांनीं पाहावी. पांढरी बुरशी दिसली तर ती वाजवूं नये. बुरशी यंत्राच्या डोक्यास लागून पुढच्या कॅसेटीवर जाते. तसली कॅसेट जाणत्या माणसाकडेच न्यावी. माळ्यावरचा टेपरेकॉर्डर काढून त्यावर लगेच लावूं नये. त्याच्या आंतील रबरी पट्टा बहुधा विरघळून चिकट झालेला असतो. तो बदलून घ्यावा, डोकें स्पिरिटांत भिजविलेल्या कापसानें पुसावें, आणि आधीं एखादी नको असलेली कॅसेट वाजवून पाहावी. फीत खात नाहीं अशी खात्री झाली म्हणजे खरी कॅसेट एकदां पुढें आणि एकदां मागें पूर्ण फिरवून घ्यावी. त्यानंतर वाजवावी ती मुद्रण चालू ठेवूनच. 'आधीं जरा ऐकूं या' असा मोह होतो. पण जीर्ण फितीस पहिलेंच वाजविणें शेवटचें ठरल्याचीं उदाहरणें आहेत.

टेपरेकॉर्डरच्या इअरफोनच्या भोंकांतून तार काढून संगणकाच्या ध्वनि आंत घेणाऱ्या भोंकांत घालावी. 'ऑडेसिटी' हा फुकट मिळणारा कार्यक्रम या कामास पुरेसा आहे. मूळ प्रत न दाबलेली ठेवावी; अर्ध्या तासाच्या एका बाजूस सुमारें ३१८ मेगाबाईट लागतात, लागोत. रानांत नेण्याची प्रत त्यावरून निराळी करावी. एकट्या माणसाच्या आवाजास १२८ किलोबिट पुरतात, आणि तीच बाजू मग २९ मेगाबाईटांत बसते. चारही कॅसेटी मिळून त्या कार्डाच्या एका कोंपऱ्यांत पडून राहतील.

संगणकाशीं ओळख असलेला एखादा भाचा-पुतण्या या वेळीं पुढें येऊन म्हणेल, 'काकू, मागची खरखर काढून देतों.' त्यास चहा द्यावा, पण मूळ प्रतीस हात लावूं देऊं नये. खरखर काढणारे कार्यक्रम खरखरीबरोबर आवाजाची धारही काढून नेतात. 'स' आणि 'श' बोथट होतात. आणि खरखर म्हणजे तरी काय? जात्याची घरघर काढून टाकली तर ओवी उघडी पडेल. मध्येंच कोणी खोकलें असेल, अंगणांतून कोणी हांक मारली असेल, घड्याळाचे ठोके पडले असतील. घरापासून दूर बसलेल्या मुलास भूपाळीइतकेंच तेंही हवें असतें. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हां यांनीं पुण्याहून काम सुरू करून महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतल्या स्त्रियांच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या संग्रहांत गाणाऱ्या बाईचें नांव आणि तिचें गांव ओवीबरोबर जपलेलें आहे. आपल्या घरच्या ओव्यांचेंही तसेंच करावें. कोणी म्हटल्या, कोणत्या सालीं, कोणत्या घरांत, त्या कोणाकडून शिकल्या, हें माहीत असलेलीं माणसें हयात आहेत तोंपर्यंत कागदावर लिहून काढावें आणि प्रत्येक फायलीस ओवीच्या पहिल्या शब्दांचें नांव द्यावें.

न दाबलेल्या प्रती दोन असाव्या, एक घरीं आणि एक दुसऱ्या गांवच्या नातलगाकडे. रानांत जातें तें कार्ड गमावलें तर गमावलें, इतकी तयारी ठेवून जावें. कार्ड यंत्रांतच ठेवून यंत्र झिपच्या पिशवींत घालावें. तांदळाच्या डब्यांत पुरून भिजलेलें यंत्र सुधारतें हा समज मात्र सोडून द्यावा. तांदूळ ओल फारशी ओढीत नाहीं, आणि त्याची पूड भोंकांत शिरते.

कार्डावर दुसरें काय भरावें हें चिरंजीव स्वतःच ठरवितील. त्यांत मातोश्रींनीं पडूं नये. फक्त भूपाळ्यांपुरती एक सूचना. रात्रींचा एक तास असा आम्हीं वर हिशेब केला, पण भूपाळी रात्रीं ऐकणें म्हणजे दिवा मालवल्यावर पूजा मांडणें. मेळघाटांत कामास निघणारीं माणसें उजाडण्यापूर्वीं उठतात. तेव्हां दार लावलेलेंच असतें, चूल पेटत असते, चहाच्या आधणास दहा मिनिटें लागतात. तेवढ्यांत आजीची एक भूपाळी सहज होते. मग तार गुंडाळून यंत्र उशाशीं ठेवावें आणि मोकळ्या कानांनीं बाहेर पडावें.